पेरूची फोड आणि रक्तवाहिनीचे अस्तर

ऑक्सिजनपासून पेशींत अतिक्रियाशील रेणू सतत तयार होत असतात आणि शरीराची स्वतःची यंत्रणा त्यांना निकामी करत असते. हा तोल बिघडून त्या रेणूंचे पारडे जड झाले, की त्या अवस्थेला ऑक्सिडेटिव्ह स्ट्रेस म्हणतात. मराठीत त्याला ऑक्सिडीभवनाचा ताण म्हणता येईल. मनाच्या ताणाशी त्याची गल्लत होऊ नये. हा ताण पेशीच्या आतला आणि निव्वळ रासायनिक आहे. हेल्मुट झीस या जर्मन जीवरसायनशास्त्रज्ञाने १९८५ मध्ये ही संज्ञा रूढ केली. पुढच्या दहा-पंधरा वर्षांत ती उच्च रक्तदाबाच्या अभ्यासात मध्यवर्ती ठरली. त्याचे कारण रक्तवाहिन्यांच्या एका अतिशय पातळ अस्तरात सापडले.

ऑक्सिडीभवनाची ओळख स्वयंपाकघरात आणि शेतात रोज होते. चिरलेले वांगे पाण्याबाहेर राहिले की काळवंडते, जुने शेंगदाणा तेल खवट होते, विळ्याचे पाते पावसाळ्यात गंजते. तिन्हीकडे ऑक्सिजन दुसऱ्या पदार्थाकडून इलेक्ट्रॉन ओढून घेत असतो. सजीवांच्या पेशीतही अन्नापासून ऊर्जा मिळवण्याचे काम याच ओढीवर चालते. फक्त ते टप्प्याटप्प्याने, आवरलेल्या रीतीने होते. पेशीतील तंतुकणिकांमध्ये (मायटोकॉन्ड्रियामध्ये) ऑक्सिजनच्या रेणूला चार इलेक्ट्रॉन मिळून त्याचे पाणी होते. मात्र वाटेत काही रेणूंना एकच इलेक्ट्रॉन मिळतो आणि ते अर्धवट अवस्थेत निसटतात. या अर्धवट रेणूला सुपरऑक्साइड म्हणतात. त्याच्याजवळ जोडीदार नसलेला एक इलेक्ट्रॉन असल्यामुळे तो शेजारच्या रेणूंशी झटकन क्रिया करतो. अशा रेणूंना मुक्त मूलके, किंवा इंग्रजीवरून फ्री रॅडिकल, म्हणतात. सुपरऑक्साइडपासून पुढे हायड्रोजन पेरॉक्साइड आणि त्यापासून हायड्रॉक्सिल मूलक तयार होऊ शकते. यांतले शेवटचे सर्वांत घातक असते, कारण समोर येईल त्या मेदाम्लाला, प्रथिनाला किंवा डीएनएला ते इजा करते.

मोझेस गोम्बर्ग यांनी १९०० साली पहिले स्थिर मुक्त मूलक प्रयोगशाळेत दाखवले, पण अशी मूलके जिवंत शरीरात असतील यावर रसायनशास्त्रज्ञांचा अनेक दशके विश्वास बसला नाही. १९५४ मध्ये रेबेका गेर्शमन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी एक धाडसी मांडणी केली. जादा दाबाच्या ऑक्सिजनने होणारी विषबाधा आणि क्ष-किरणांनी होणारी इजा या दोन्हींच्या मुळाशी मुक्त मूलकेच आहेत, असे त्यांचे म्हणणे होते. निर्णायक पुरावा १९६९ मध्ये मिळाला. जो मॅककॉर्ड आणि आयर्विन फ्रिडोविच यांनी दाखवले, की रक्तपेशींत मिळणाऱ्या तांबे असलेल्या एका प्रथिनाचे काम सुपरऑक्साइड नष्ट करणे हेच आहे. या विकराला, म्हणजे एन्झाइमला, सुपरऑक्साइड डिसम्युटेज हे नाव मिळाले. एका विशिष्ट विषाचा बंदोबस्त करण्यासाठी प्रत्येक पेशीत खास विकर असेल, तर ते विष तेथे रोज तयार होत असले पाहिजे, हा निष्कर्ष मग टाळता येण्याजोगा नव्हता. या विकराच्या जोडीला कॅटालेज आणि ग्लुटाथायोनची साखळी असते. क आणि ई जीवनसत्त्वे, तसेच तांबे, जस्त, मँगनीज, सेलेनियम ही सूक्ष्म खनिजेही या बंदोबस्तात भाग घेतात.

येथे एक गोष्ट ठळकपणे सांगायला हवी, कारण जाहिरातींतून तिचा नेमका विपर्यास होतो. हे क्रियाशील रेणू सरसकट शत्रू नाहीत. पांढऱ्या पेशी जंतू गिळल्यावर सुपरऑक्साइडचा मारा करूनच त्यांना ठार करतात. पेशी-पेशींतले अनेक निरोपही अल्प प्रमाणातील हायड्रोजन पेरॉक्साइडमार्फत जातात. ते शून्यावर आणणे शक्य नाही आणि इष्टही नाही. बिघाड होतो तो चुकीच्या जागी, चुकीच्या प्रमाणात आणि दीर्घकाळ ते साचल्यामुळे.

रक्तदाबाच्या बाबतीत ती चुकीची जागा म्हणजे रक्तवाहिनीची भिंत. हृदय रक्त ढकलते आणि लहान धमन्या त्या प्रवाहाला विरोध करतात. या दोहोंच्या मेळातून दाब ठरतो. विरोध किती, हे धमनीच्या त्रिज्येवर फार तीव्रतेने अवलंबून असते, कारण त्रिज्येच्या चौथ्या घाताशी त्याचे व्यस्त प्रमाण आहे. धमनीची त्रिज्या अवघी १० टक्क्यांनी कमी झाली, तरी विरोध निम्म्याहून अधिक, सुमारे ५२ टक्क्यांनी वाढतो. म्हणून धमनीच्या स्नायूंचे किंचितसे आखडणेही दाबाच्या यंत्रावर दिसते. हे स्नायू केव्हा सैल पडायचे आणि केव्हा आवळायचे, याचा बराचसा निर्णय त्यांच्या आतल्या बाजूचे अस्तर घेते. हे अस्तर एकाच पेशीइतके जाड असते.

अस्तराचे हे महत्त्व १९८० पर्यंत कोणाच्या ध्यानात आले नव्हते. रॉबर्ट फर्चगॉट सशाच्या महाधमनीच्या पट्ट्यांवर काम करत होते. अॅसिटिलकोलीन या द्रव्याने धमनी कधी सैल पडायची, कधी आवळायची, आणि या विसंगतीचा उलगडा होत नव्हता. अखेर लक्षात आले, की पट्टी कापताना आतले अस्तर घासले गेले तर धमनी आवळते आणि अस्तर शाबूत राहिले तर सैलावते. म्हणजे अस्तराच्या पेशी स्नायूंना सैल पाडणारे काहीतरी सोडत होत्या. हे काहीतरी म्हणजे नायट्रिक ऑक्साइड हा साधा वायू, असे १९८६-८७ मध्ये स्पष्ट झाले. मोटारीच्या धुरात आढळणारा वायू शरीरात निरोप्याचे काम करतो, ही कल्पना तेव्हा अनेकांना अविश्वसनीय वाटली. या शोधासाठी फर्चगॉट, लुई इग्नॅरो आणि फरीद मुराद यांना १९९८ चे नोबेल पारितोषिक मिळाले.

नायट्रिक ऑक्साइडचे आयुष्य काही सेकंदांचे असते. अस्तरात तयार व्हायचे, शेजारच्या स्नायूत शिरायचे, तेथील एक विकर जागे करून स्नायू सैल पाडायचा आणि नाहीसे व्हायचे, एवढाच त्याचा प्रवास. याच प्रवासात सुपरऑक्साइड त्याला गाठते. साल्वादोर मोन्काडा यांच्या गटाने १९८६ मध्ये दाखवले, की सुपरऑक्साइड हटवणारे विकर घातले तर अस्तराने सोडलेले ते द्रव्य जास्त वेळ टिकते. सुपरऑक्साइडमुळे ते लवकर नष्ट होत होते, हे त्यातून कळले. १९९० मध्ये जो बेकमन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी पुढचा दुवा जोडला. हे दोन रेणू एकत्र आले की पेरॉक्सिनायट्राइट हे नवे, अधिक विध्वंसक द्रव्य तयार होते. ही क्रिया जवळजवळ दोन रेणू एकमेकांवर आदळतील तितक्या वेगाने घडते. सुपरऑक्साइड डिसम्युटेज हे निसर्गातील अतिवेगवान विकरांपैकी एक आहे, तरीही या शर्यतीत ते मागे पडते. ऑक्सिडेटिव्ह स्ट्रेस आणि रक्तदाब यांच्या नात्याचा गाभा एवढाच आहे: सुपरऑक्साइड वाढले की नायट्रिक ऑक्साइड घटते, आणि ते घटले की धमनीला सैल पडण्याचा निरोप पोचत नाही.

नुकसान तेथे थांबत नाही. अस्तरात नायट्रिक ऑक्साइड बनवणाऱ्या विकराला टेट्राहायड्रोबायोप्टेरिन नावाच्या सहकारी रेणूची गरज असते. पेरॉक्सिनायट्राइट नेमका तोच रेणू खराब करते. सहकारी गमावलेले विकर मग नायट्रिक ऑक्साइडऐवजी स्वतःच सुपरऑक्साइड बनवू लागते. चारीला पाणी सोडायला नेमलेल्या पाटकऱ्यानेच दार लावून घ्यावे, तशी ही अवस्था होते. एकदा हे सुरू झाले, की मूळ कारण दूर झाल्यावरही बिघाड काही काळ स्वतःच्या बळावर चालू राहू शकतो.

मग रक्तवाहिनीत एवढे सुपरऑक्साइड येते कोठून? तंतुकणिकांतून निसटणारा वाटा असतोच, पण मोठा स्रोत वेगळा निघाला. पांढऱ्या पेशी जंतू मारण्यासाठी एनएडीपीएच ऑक्सिडेज हे विकर वापरतात. त्याच घराण्यातली विकरे धमनीच्या अस्तरात आणि स्नायूतही असतात. त्यांना जागे करणाऱ्या द्रव्यांमध्ये अँजिओटेन्सिन-२ हे संप्रेरक प्रमुख आहे. कॅथी ग्रीन्डलिंग आणि त्यांच्या अटलांटा येथील सहकाऱ्यांनी १९९४ मध्ये हे दाखवले. दोन वर्षांनी त्याच शहरातून एक फार बोलका प्रयोग प्रसिद्ध झाला. काही उंदरांचा रक्तदाब अँजिओटेन्सिन देऊन आणि काहींचा नॉरअॅड्रेनलिन देऊन जवळपास सारखाच वाढवला होता. धमनीतले सुपरऑक्साइड मात्र फक्त पहिल्या गटात वाढले. नुसत्या वाढलेल्या दाबाने हे घडत असते, तर दोन्ही गटांत ते दिसले असते.

यापुढचे प्रयोग एकाच दिशेने गेले. क्योटो येथे १९६३ मध्ये ओकामोतो आणि आओकी यांनी जन्मजात उच्च रक्तदाब असलेल्या उंदरांचा वाण तयार केला होता. सुपरऑक्साइड नष्ट करणारी द्रव्ये दिली असता त्या उंदरांचा दाब उतरला. ऑक्सिडेज विकराचा एक घटक जन्मतः नसलेल्या उंदरांत अँजिओटेन्सिनमुळे दाब कमीच वाढतो, असे २००२ मध्ये दिसले. माणसांमधला एक दुर्मिळ पुरावा इटलीतून आला. ज्यांच्यात हे विकर जन्मजात निकामी असते, अशा रुग्णांना जंतुसंसर्ग वारंवार होतो. पण त्यांच्या धमन्या इतरांपेक्षा अधिक सैलावतात, असे २००९ मध्ये आढळले.

धमनीखेरीज मूत्रपिंडालाही या गोष्टीत मोठी भूमिका आहे, आणि ती मिठाशी जोडलेली आहे. मूत्रपिंडाच्या आतल्या भागात नायट्रिक ऑक्साइड सोडियम बाहेर टाकायला मदत करते. तेथे सुपरऑक्साइड वाढले की सोडियम शरीरात अडकते, त्याच्या मागोमाग पाणी थांबते आणि दाब चढतो. जास्त मिठाने मूत्रपिंडातील सुपरऑक्साइड वाढते, असे प्राण्यांवरील प्रयोग सांगतात. म्हणजे मीठ दुहेरी काम करते: स्वतः सोडियम आणते आणि ते बाहेर टाकण्याची वाटही अडवते. मेंदूतील काही केंद्रे आणि रोगप्रतिकारक पेशीही या साखळीत येतात. टी-पेशी नसलेल्या उंदरांत अँजिओटेन्सिनने दाब फारसा चढत नाही, हे २००७ मध्ये दिसल्यापासून उच्च रक्तदाबाकडे अंशतः दाहाचा आजार म्हणूनही पाहिले जाते.

इतका पुरावा असूनही एक प्रश्न प्रामाणिकपणे मांडावा लागतो. माणसांत ऑक्सिडेटिव्ह स्ट्रेस हे उच्च रक्तदाबाचे कारण आहे की परिणाम? अटलांटाच्या प्रयोगात तसे दिसले नसले, तरी वाढलेल्या दाबाने ताणली जाणारी धमनीही सुपरऑक्साइड बनवू शकते. रुग्णांच्या रक्तात मेदाच्या ऑक्सिडीभवनातून उरणारे मॅलोनडायअल्डिहाइड जास्त आणि ग्लुटाथायोन कमी सापडल्याचे शेकडो शोधनिबंध आहेत. पण एका वेळी घेतलेल्या नमुन्यावरून आधी काय घडले ते कळत नाही. २००३ मध्ये फ्रान्समध्ये सौम्य ते मध्यम रक्तदाबाच्या, अजून औषध सुरू न केलेल्या रुग्णांची तपासणी झाली, तेव्हा मेदाच्या ऑक्सिडीभवनाची खूण असलेली द्रव्ये वाढलेली आढळलीच नाहीत. तेव्हा ऑक्सिडेटिव्ह स्ट्रेस हे उच्च रक्तदाबाचे एकमेव मूळ मानणे चूक ठरेल. आनुवंशिकता, वय, मीठ, वजन आणि मूत्रपिंड यांच्या साखळीतला तो एक खराखुरा दुवा आहे. बहुधा तो दाब सुरू करण्यापेक्षा चढलेला दाब टिकवून धरण्यात आणि त्यातून हृदय, मेंदू व मूत्रपिंड यांना इजा करण्यात अधिक भाग घेतो.

आहारातून या ताणावर काही उपाय होतो का, हे समजून घ्यायला राहाता तालुका ही चांगली जागा आहे. अहिल्यानगर जिल्ह्याच्या उत्तर भागातील हा प्रदेश गोदावरी आणि प्रवरेच्या कालव्यांनी बागायती झाला. आशियातील पहिला सहकारी साखर कारखाना याच तालुक्यातील लोणीजवळ, प्रवरानगरला, विठ्ठलराव विखे पाटील आणि अर्थतज्ज्ञ धनंजयराव गाडगीळ यांच्या प्रयत्नांतून उभा राहिला आणि १९५०-५१ मध्ये त्याचा पहिला गळीत हंगाम झाला. उसाच्या बरोबरीने राहात्याची ओळख आहे ती पेरूमुळे. मृग बहाराची फळे हिवाळ्यात उतरू लागली, की नगर-मनमाड रस्त्याने जाणाऱ्या-येणाऱ्याला पेरूचे ढीग दिसतात. महाराष्ट्रात सर्वाधिक लागवड असलेली सरदार ही जात, जिला शेतकरी लखनौ-४९ किंवा नुसते एल-४९ म्हणतात, तिची निवड १९२७ मध्ये पुण्याच्या गणेशखिंड फळ संशोधन केंद्रात डॉ. चीमा यांच्या काळात झाली. नावात लखनौ असले, तरी हा पेरू पुण्याचा आहे. तालुक्यात डाळिंबाच्याही बागा आहेत. डाळिंबाचा भगवा हा वाण शेजारच्या राहुरीतील महात्मा फुले कृषी विद्यापीठाने प्रसारित केला.

पेरूच्या १०० ग्रॅम गरात सुमारे २०० मिलिग्रॅम क जीवनसत्त्व असते. संत्र्यात ते याच्या चौथ्या हिश्श्याएवढेही नसते. क जीवनसत्त्व स्वतःचा इलेक्ट्रॉन देऊन मुक्त मूलकांना शांत करते, टेट्राहायड्रोबायोप्टेरिनला पूर्ववत करते आणि वापरले गेलेले ई जीवनसत्त्व पुन्हा कामास लावते. यावरून पेरू खाल्ला की बीपी उतरतो, असे सरळ गणित मांडण्याचा मोह होतो. १९९२ मध्ये मुरादाबादच्या संशोधकांनी तसा निष्कर्ष काढलाही होता. उच्च रक्तदाबाच्या १२० रुग्णांपैकी निम्म्यांना १२ आठवडे रोज भरपूर पेरू दिल्यावर वरचा दाब ९ आणि खालचा ८ अंकांनी उतरल्याचे त्यांनी प्रसिद्ध केले. पेरूच्या गुणांवरील लिखाणात हा आकडा आजही फिरत असतो. पण त्याच गटाच्या आहारविषयक इतर संशोधनाबद्दल ब्रिटिश मेडिकल जर्नल आणि लॅन्सेट या नियतकालिकांनी २००५ मध्ये जाहीरपणे चिंता व्यक्त केली. म्हणून त्या एका आकड्यावर विसंबणे योग्य नाही. डाळिंबाच्या रसाबद्दल २००१ मध्ये इस्राएलमधून आलेला अहवालही उत्साहवर्धक होता. मात्र त्यात अवघे १० रुग्ण होते आणि काळ दोन आठवड्यांचा.

जीवनसत्त्वांच्या गोळ्यांची परीक्षा मात्र मोठ्या प्रमाणावर झाली आणि तिचा निकाल स्पष्ट आहे. ब्रिटनमधील हार्ट प्रोटेक्शन स्टडी या चाचणीत २०,५३६ जणांचा सहभाग होता. त्यांतल्या निम्म्यांना पाच वर्षे रोज ६०० मिलिग्रॅम ई जीवनसत्त्व, २५० मिलिग्रॅम क जीवनसत्त्व आणि २० मिलिग्रॅम बीटा कॅरोटीन दिले गेले. २००२ मध्ये निकाल आला, तेव्हा हृदयविकार, पक्षाघात किंवा मृत्यू यांत काहीच फरक नव्हता. त्याआधी २००० साली होप या चाचणीत ई जीवनसत्त्व असेच निष्फळ ठरले होते. फिनलंडमध्ये तर १९९४ मध्ये धक्कादायक बाब दिसली: बीटा कॅरोटीन घेणाऱ्या धूम्रपानी पुरुषांत फुप्फुसाचा कर्करोग न घेणाऱ्यांपेक्षा अधिक झाला. क जीवनसत्त्वाच्या लहान-लहान चाचण्यांचा २०१२ मध्ये एकत्रित हिशेब झाला, त्यात वरचा दाब सरासरी सुमारे ४ अंकांनी उतरलेला दिसला. पण त्या चाचण्या थोड्या आठवड्यांच्या होत्या.

गोळ्या का फसल्या, याची कारणे रसायनशास्त्रातच आहेत आणि ती लक्षात ठेवण्यासारखी आहेत. सुपरऑक्साइडची नायट्रिक ऑक्साइडशी होणारी क्रिया क जीवनसत्त्वाशी होणाऱ्या क्रियेपेक्षा हजारो पटींनी वेगवान आहे. रक्तात जीवनसत्त्व कितीही असले, तरी ते त्या शर्यतीत वेळेवर पोचत नाही. शिवाय रक्तातील क जीवनसत्त्वाला मर्यादा आहे. रोज काहीशे मिलिग्रॅमपेक्षा अधिक घेतले, तर मूत्रपिंड ते लघवीवाटे टाकून देते. आणि मुख्य म्हणजे सुपरऑक्साइड बनवणारे विकर चालूच राहते. फुटलेल्या पाइपाखाली बादल्या लावत राहण्यापेक्षा व्हॉल्व्ह बंद करणे शहाणपणाचे, हे कोणताही बागायतदार सांगेल.

फळांचा उपयोग नाही, असा याचा अर्थ मुळीच होत नाही. अमेरिकेत १९९७ मध्ये डॅश या नावाने प्रसिद्ध झालेल्या आहार-चाचणीत ४५९ जणांना आठ आठवडे मोजून-मापून जेवण देण्यात आले. फक्त फळे-भाज्या वाढवलेल्या गटात वरचा दाब २.८ अंकांनी उतरला. फळे-भाज्यांसोबत कमी स्निग्धांशाचे दूध-दही घेऊन तुपा-तेलातले संपृक्त मेद कमी करणाऱ्या गटात तो ५.५ अंकांनी उतरला. या दुसऱ्या गटातील ज्यांना उच्च रक्तदाब होता, त्यांच्यात तर ही घट ११.४ अंकांची होती. हे यश एकट्या जीवनसत्त्वाचे नाही. पेरूच्या १०० ग्रॅम गरात सुमारे ४०० मिलिग्रॅम पोटॅशियम असते आणि सोडियम जवळजवळ नसतेच. पोटॅशियम मूत्रपिंडाला सोडियम टाकायला लावते. पेरूतला भरपूर चोथा पोट भरतो आणि त्यामुळे तळलेल्या पदार्थाची जागा घेतो. पालक, बीट यांसारख्या भाज्यांमध्ये आणखी एक गुण आहे. त्यांतील नायट्रेटचे तोंडातील जंतूंच्या मदतीने नायट्राइट होते आणि शरीरात त्यापासून नायट्रिक ऑक्साइड मिळते, तेही अस्तराच्या विकराला बाजूला ठेवून. राहात्याच्या बाजारात हिवाळ्यात यांतले सर्व काही मिळते.

पण पेरू खायची आवडती रीत फोडीवर तिखट-मीठ भुरभुरण्याची आहे. फोडीमागे चिमूटभर मीठ म्हणजे किरकोळ वाटते, तरी सोडियम नसलेल्या फळाचा मोठा गुण त्यातच खर्ची पडतो. देशव्यापी सर्वेक्षणात २०१७-१८ मध्ये भारतीय प्रौढ माणूस दिवसाला सुमारे ८ ग्रॅम मीठ खातो असे आढळले. जागतिक आरोग्य संघटनेची मर्यादा ५ ग्रॅमची आहे. नगरकडच्या जेवणात ठेचा, लोणचे, पापड, खारे शेंगदाणे आणि हॉटेलातली मिसळ-शेव यांतून मीठ नकळत भरते. पेरूला तिखट, जिरेपूड आणि लिंबाचे दोन थेंब लावले, तर मिठाविनाही चव येते.

व्हॉल्व्ह बंद करण्याच्या, म्हणजे सुपरऑक्साइडचा उगमच रोखण्याच्या, कामात तंबाखूचा क्रमांक पहिला. बिडी-सिगारेटच्या प्रत्येक झुरक्यातून मुक्त मूलके थेट शरीरात जातात आणि धमनीतली ऑक्सिडेज विकरे चेतवली जातात. धूम्रपान करणाऱ्यांच्या धमन्या कमी सैलावतात, हे वारंवार मोजले गेले आहे. तंबाखू-चुना आणि मिश्री यांत धूर नसला, तरी निकोटिन रक्तात उतरतेच आणि नाडीचे ठोके व दाब काही काळ चढवते. मिश्री लावणाऱ्या स्त्रिया तिला व्यसन मानतच नाहीत. डॉक्टरने तंबाखू खाता का असे विचारले, तर उत्तर नाही असे येते. मिश्री लावता का, असेच विचारायला हवे. चुलीच्या धुरातले सूक्ष्म कण फुप्फुसात दाह निर्माण करून हेच काम करतात. उसाचे पाचट पेटवले जाते तेव्हा तोच धूर वस्तीभर पसरतो; पाचट सरीत कुजवले, तर जमिनीलाही सेंद्रिय खत मिळते. मधुमेहात वाढलेली साखर तंतुकणिकांतून निसटणारे सुपरऑक्साइड वाढवते, आणि मधुमेह व उच्च रक्तदाब एकाच माणसात सापडण्यामागे हेही एक कारण आहे.

चालण्याचा परिणाम उलट दिशेचा आहे. रक्ताचा वाढलेला प्रवाह अस्तरावर घासला जातो, तेव्हा अस्तर अधिक नायट्रिक ऑक्साइड बनवते. व्यायामाच्या वेळी मुक्त मूलके थोडी वाढतात खरी, पण नियमित श्रमांनी शरीर स्वतःची डिसम्युटेज आणि कॅटालेज विकरे वाढवून त्यांना उत्तर देते. गोळीतून मिळणाऱ्या अँटिऑक्सिडंटपेक्षा, म्हणजे ऑक्सिडीभवन रोखणाऱ्या द्रव्यांपेक्षा, शरीराने घडवलेली ही विकरे कितीतरी कार्यक्षम असतात.

औषधांच्या बाबतीतही तेच तत्त्व दिसते. एनालाप्रिल, रामिप्रिल ही औषधे अँजिओटेन्सिन-२ तयार होऊ देत नाहीत. लोसार्टन, टेल्मिसार्टन त्याचा निरोप पोचू देत नाहीत. धमनीतले ऑक्सिडेज विकर जागे करणारा हातच त्यामुळे अडतो. ही औषधे अँटिऑक्सिडंट म्हणून शोधली गेली नव्हती, पण ती सुपरऑक्साइडच्या उगमावर काम करतात. ऑक्सिडेज विकरालाच थेट रोखणाऱ्या औषधांवर काम चालू आहे. रक्तदाबासाठी वापरता येईल असे औषध अजून बाजारात आलेले नाही. औषधांच्या या इतिहासात महाराष्ट्राचाही ठसा आहे. मुंबईचे हृदयरोगतज्ज्ञ रुस्तम जाल वकील यांनी १९४९ मध्ये ब्रिटिश हार्ट जर्नलमध्ये सर्पगंधेच्या मुळीचा रक्तदाबावरील उपयोग रुग्णांवरील अनुभवासह मांडला आणि जगाचे लक्ष या वनस्पतीकडे गेले. सर्पगंधा मज्जातंतूंच्या वाटेने काम करते, ऑक्सिडीभवनाच्या नव्हे. रक्तदाब उतरवण्याच्या वाटा अनेक आहेत याचा तो जुना दाखला आहे.

ऑक्सिडेटिव्ह स्ट्रेस मोजणाऱ्या रक्ततपासण्यांचा उपचार ठरवण्यासाठी आज उपयोग नाही, त्यामुळे त्यांवर पैसे खर्च करू नयेत. मोजायचा तो रक्तदाब. पाच मिनिटे शांत बसून, पाठ टेकून, पाय जमिनीला टेकवून, दंड हृदयाच्या पातळीवर ठेवून घेतलेला दाब वेगवेगळ्या दिवशी १४०/९० किंवा त्याहून अधिक आला, तर उपचाराचा विचार होतो. आयसीएमआरच्या २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या देशव्यापी अभ्यासात ३५.५ टक्के प्रौढांना उच्च रक्तदाब आढळला. त्यांतल्या बहुतेकांना काहीच त्रास जाणवत नसतो. तीस वर्षांवरील प्रत्येकाची तपासणी उपकेंद्रात आणि प्राथमिक आरोग्य केंद्रात विनामूल्य होते, आशाताई त्यासाठी घरोघरी यादीही भरतात. लोणी येथे १९८४ पासून ग्रामीण वैद्यकीय महाविद्यालय आणि त्याचे रुग्णालय असल्यामुळे पुढच्या तपासण्यांसाठी राहात्याच्या लोकांना पुणे-नाशिक गाठावे लागत नाही. बरे वाटते म्हणून बीपीची गोळी मनाने बंद करणे ही सर्वांत महागात पडणारी चूक आहे, कारण अस्तराची हानी न दुखता चालू राहते.

पेरूच्या बाबतीत एक सावधगिरी उरते. मूत्रपिंड कमजोर झालेल्या रुग्णाला पोटॅशियम बाहेर टाकता येत नाही. एनालाप्रिल, टेल्मिसार्टन किंवा स्पायरोनोलॅक्टोन घेणाऱ्यांतही ते साचण्याचा धोका असतो, आणि ते फार वाढले तर हृदयाचे ठोके बिघडतात. अशा रुग्णाने आधी रक्तातील क्रिएटिनिन आणि पोटॅशियम तपासून घ्यावे आणि रोज किती पेरू चालेल, ते डॉक्टरांना विचारून ठरवावे. नारळपाणी, केळी आणि बाजारात कमी सोडियमचे म्हणून मिळणारे मीठ यांनाही हाच नियम लागू आहे, कारण त्या मिठात काही सोडियमच्या जागी पोटॅशियमच घातलेले असते.